पुडीला कुणी औषध म्हणत नाही

मी जाड का झाले याची इतकी कारणं मला लोकांनी फुकटात सांगितली आहेत की त्यावर एखाद्याने डॉक्टरेट मिळवली असती. मी बसवर कंडक्टर आहे, नाशिक-चांदवड गाडीवर. दिवसभर माणसांत असते, आणि माणसांना गाडीत दुसरं काम नसतं. तिकीट हातात पडलं की आधी सुट्टे मोजायचे, मग कंडक्टरकडे बघायचं. "मॅडम, थायरॉइड तपासलं का?" "ताई, रात्री भात बंद करा." एक गृहस्थ मला म्हणाले होते, "बसून बसून होतं हो असं." ते खिडकीला बसलेले, आणि मी ओझरपासून उभी!

हे मी लिहितेय ते कुणाची कीव मिळावी म्हणून नाही. माझ्यासारखी एखादी बाई अजूनही कुठेतरी शिव्या खात असेल, आणि ती ज्यामुळे फुगतेय ती वस्तू तिच्याच घरात, मिसळणाच्या डब्याशेजारी असेल. तिच्यासाठी लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं नाही तरी चालेल. त्यांना सगळं आधीच माहीत असतं.

ज्याचं त्याचं मत

आम्ही सिडकोत राहतो. नवरा अंबडला कारखान्यात आहे. लग्नाच्या फोटोत मी काठीसारखी दिसते. चाळिशीपर्यंत तशीच होते. मग वर्ष-दीड वर्षात असं अंग सुटलं की युनिफॉर्म पुन्हा पुन्हा उसवून घ्यावा लागला. तोंड गोल झालं, मानेमागे मांसाचा गोळा आला, पोट पुढे आलं. हातपाय मात्र होते तसेच बारीक. आरशात बघितलं की वाटायचं, हे धड दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

शेजारणी म्हणायच्या, "पिशवी काढली का गं? मग असंच होतं." डेपोतल्या बायका म्हणायच्या, "अलका, पगार अंगी लागला तुझ्या." नवरा काही म्हणायचा नाही. तो माझ्या ताटाकडे बघायचा. चपाती घेतली की बघायचा, दुसरी घेतली की पाण्याचा तांब्या जोरात ठेवायचा. वाढदिवसाला त्याने मला वजनकाटा आणला, रंगीत कागदात बांधून! मी कागद घडी करून ठेवला आणि काटा पलंगाखाली सरकवला.

आणि आता खरं सांगते, मी खात होते. खोटं कशाला बोलू? भूक लागायची, अशी की पिंपळगावला गाडी थांबली की पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं. वडापाव खायचे, वरून केळी खायचे, आणि चांदवडला पोचेपर्यंत पुन्हा भूक. खाताना लाज वाटायची आणि लाज गिळून खायचे. मलाही वाटायला लागलं होतं की मी खादाडच असेन. चारचौघं रोज एकच सांगत राहिली की माणूस स्वतःलाही चोर समजायला लागतो.

तज्ज्ञ

गल्लीतल्या डॉक्टरांकडे दम लागतो म्हणून गेले. म्हणाले, "वजन कमी करा, दम लागणं आपोआप थांबेल." चक्कर येते म्हणून गेले. "वजन कमी करा." हाताला नुसतं काही लागलं तरी काळंनिळं होतं, म्हणून गेले. ते हसले आणि म्हणाले, "एवढं अंग आहे, कुठे ना कुठे लागणारच की." दार दोन हातांवर होतं म्हणून बरं, नाहीतर मी त्या दिवशी काहीतरी बोलून बसले असते.

डेपोत एकदा आरोग्य शिबिर झालं. तिथे आहारतज्ज्ञ म्हणून एक बाई आल्या होत्या, पातळशा, छान बोलणाऱ्या. सकाळी ओट्स, अकराला फळ, चारला मूठभर बदाम. मी म्हटलं, "मॅडम, चारला मी वडाळीभोईच्या फाट्यावर गर्दीत असते." त्या म्हणाल्या, "कारणं सगळ्यांकडे असतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "लपून खाता ना? मला सांगायला हरकत नाही. सगळ्याच खातात."

या दोघांनी मला एक प्रश्न विचारला होता, हे कबूल करायला हवं. "काही औषधं चालू आहेत का?" मी दोन्ही वेळा नाही म्हणाले. मी खोटं बोलले नाही. मी खरंच कुठलंही औषध घेत नव्हते. मी पुडी घेत होते.

पुडी

पुडी आईने सुरू केली. माझं माहेर चांदवडच्या अलीकडे आहे, कांद्याचा गाव. आई तिथे भावाकडे असते. तिचे गुडघे माझ्याआधी गेले. कुणीतरी तिला सांगितलं की अमुक गावात एक वैद्य रविवारी बसतो, मुंबईहून गाड्या येतात त्याच्याकडे. खाकी रंगाची पूड, कागदात बांधलेली. जंगलची मुळी, अपाय काही नाही. आईने घेतली आणि आठवड्यात ती खाली बसून उठायला लागली. गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्या मग तिच्यामागे रविवारी जीपमध्ये बसल्या.

माझे गुडघे बोलायला लागले तेव्हा आईनेच पाठवली. आमच्याकडे गाडीतून काहीही पाठवतात. डबा, चावी, म्हशीचं औषध, सुनेचं विसरलेलं मंगळसूत्रसुद्धा. फाट्यावर उभं राहायचं, गाडी आली की कंडक्टरच्या हातात द्यायचं, पुढच्याने उतरवून घ्यायचं. आई फाट्यावर यायची, पिशवीत शेंगदाण्याची चटणी, कोथिंबीर, आणि तळाशी पुड्या. "अलके, भरल्या पोटी घे. तुपात घे. उपाशीपोटी घ्यायची नाय, त्यानं कडक सांगितलंय." मी डबल बेल द्यायचे आणि गाडी निघायची.

गुडघे थांबले! खरंच थांबले. उभं राहून पूर्ण ड्युटी करायला लागले. ज्या पुडीने मला उभं केलं तिच्यावर मी का संशय घेईन? डॉक्टरने औषध विचारलं तेव्हा ती डोक्यातसुद्धा आली नाही. ती आईने पाठवलेली वस्तू होती, लोणच्यासारखी.

चौथी माळ

नवरात्र आलं. मी ठरवलं, यंदा नऊ दिवस कडक उपवास, नुसतं पाणी आणि एक वेळ दूध. देवीसाठी होतं, नाही असं नाही. पण खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. नवरा पहिल्यांदा खूश झाला. म्हणाला, "कर, कर. तेवढंच उतरेल." आणि पोट भरलेलं नाही म्हणून मी पुडी बंद केली. वैद्याचं पथ्य होतं ना! मी पथ्याची पक्की.

नवरात्रात वणीच्या गडावर जादा गाड्या सोडतात. माझी ड्युटी त्यावर लागली. तिसऱ्या माळेपासून उलट्या सुरू झाल्या. अंगात ताकद अशी नाहीच. मी म्हटलं, उपवास आहे, सहन कर. चौथ्या माळेला गाडी खचाखच, दिंडोरी मागे पडली होती, आणि मला माणसं दुरून दिसायला लागली. हात थरथरायला लागले, दात वाजायला लागले. मी दांडा धरला होता तो सुटला आणि मी दोन सीटच्या मध्ये घसरले. तोंडातून काहीतरी आवाज निघत होता, तो माझा आहे हे मला कळत होतं पण थांबवता येत नव्हता.

आणि मागून एक बाई ओरडली, "आई आली गं, आई आली अंगात!"

हसू नका. मी मरत होते आणि बायका माझ्या पाया पडत होत्या. कुणीतरी माझ्या कपाळाला हळदकुंकू माखलं. कुणी पिशवीतला नारळ काढून समोर धरला. एकीने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आई, पोराचं लग्न कवा जमंल?" मला पाणी हवं होतं. बोलायला गेले तर जीभ हलेना, आणि त्या म्हणाल्या, "बघा, आई बोलंना, रुसली." जाडेपणाची इतकी कारणं सांगणारी माणसं, पण बाई आजारी पडली असेल हे एकाच्याही मनात आलं नाही.

आलं ते ड्रायव्हरच्या. गांगुर्डे भाऊ, वीस वर्षांचे माझे सोबती, फार न बोलणारे. त्यांनी गाडी बाजूला घेतली, मागे आले, माझा हात धरून बघितला आणि गाडीभर ओरडले, "अहो, हात बर्फ झालाय तिचा! कसली देवी घेऊन बसलाय? सरका!" त्यांनी गाडी वळवली आणि भाविकांच्या शिव्या खात परत दिंडोरीला आणली. तिथल्या दवाखान्याने सलाइन लावून नाशिकला धाडलं. ते त्या दिवशी नुसते गाडी चालवत राहिले असते तर हे लिहायला मी नसते.

विचारणारी

नाशिकच्या दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा रक्तदाब लागत नव्हता म्हणे. पहिल्या दिवशी तिथेही तेच ऐकलं, अर्धवट झोपेत. "उपवास केलाय, जाड आहे, शुगर असेल." मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, इथेही तेच.

मग एक तरुण डॉक्टरीणबाई आली. केस विस्कटलेले, चपलेत मोजे. तिने पांघरूण बाजूला करून पोट बघितलं. पोटावर जांभळे, बोटाएवढे रुंद चट्टे होते. मी ते कुणाला दाखवत नव्हते, लाज वाटायची. ती म्हणाली, "हे कधीपासून?" मग मानेमागचा गोळा दाबून बघितला, दंड बघितले. आणि खुर्ची ओढून बसली. मी एवढे दवाखाने हिंडले, पण डॉक्टर बसलेली पहिल्यांदा बघितली.

"मावशी, औषध राहू द्या. चूर्ण, काढा, मुळी, अंगारा, कुणी पाठवलेली पुडी, यातलं काय घेता?"

मी म्हटलं, "पुडी घेते. पण ती जंगलची आहे."

"दुखणं किती दिवसांत थांबलं होतं?"

"आठवड्यात."

ती मान हलवत हसली, पण कडू हसली. म्हणाली, "जंगलात एवढ्या लवकर काम करणारं काही उगवत नाही. यात स्टेरॉइडची गोळी कुटून घातलीय."

मग तिने सांगितलं ते मला कळेल असं सांगितलं. शरीर एक रस स्वतः बनवतं. तो बाहेरून आयता मिळत राहिला की शरीर बनवणं सोडून देतं. तोंड गोल होणं, पोट सुटणं, काळेनिळे डाग, वेड्यासारखी भूक, सगळं त्याचं. आणि पुडी एकदम बंद केली तेव्हा बाहेरचा रस नाही आणि आतलाही नाही. "तुमच्या मनाने पुन्हा एकदम काहीही बंद करायचं नाही," ती दोनदा म्हणाली. "आम्ही हळूहळू सोडवू. महिने लागतील."

ज्यांच्या घरात अशी पुडी आहे त्यांना मी हेच सांगेन. फेकून देऊ नका. घेऊन डॉक्टरकडे जा आणि पुढ्यात ठेवा.

संध्याकाळी नवरा आला. डॉक्टरीणबाईंनी त्यालाही सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे खाण्याचा काहीच संबंध नाही?" त्याच्या आवाजात काळजी नव्हती. एवढ्या दिवसांचा खटला हातातून गेल्यासारखा तो बोलत होता. ती म्हणाली, "भूकसुद्धा औषधाचीच होती." तो खिडकीबाहेर बघत बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती त्याने, पण सॉरी म्हणण्याइतकं त्याचं मन मोठं नाही. अजून नाही.

वॉर्डात पहाटे झाडू लागायचा, मग रक्त काढायला मुलगी यायची, मग चहा. चहा वाटणारी बाई माझ्या कपात न विचारता साखर घालायची. "डॉक्टर नाय म्हणले का तुला? मग पी." मला कुणी खाताना बघून तोंड वाकडं केलं नाही, असे ते माझे पहिले दिवस. भीती रात्री वाटायची. शेजारच्या खाटेवरची बाई कण्हायची आणि मला वाटायचं, माझं आतलं काही उठलंच नाही तर? अंगातला कामगार संपावर गेलाय, तो परत आलाच नाही तर?

आई

आई आली, भाऊ संतोष तिला घेऊन आला. माझ्याकडे बघून डोळ्याला पदर लावला. डबा उघडला. मुगाची खिचडी, तूप. मी दोन घास खाल्ले तशी तिने इकडेतिकडे बघितलं आणि कमरेच्या पिशवीतून कागद काढला.

"घे. अशक्तपणा आलाय तुला. नर्स बघायच्या आत घे."

पुडी! मी ज्याने मेले होते तेच ती मला भरवायला आली होती, आणि जिवाच्या मायेने आली होती. मी ओरडले. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "आई, यानेच झालंय मला हे! यात गोळी कुटलेली असते! तूही बंद कर, पण एकदम नको, डॉक्टरांना विचारून."

तिचं तोंड उतरलं. मग ताठ झाली. "मी लेकीला इख देईन व्हय? आख्खा गाव घेतो. कुणाला काय झालं? तुलाच कसं झालं? तुझ्या तोंडाला कधी खीळ नव्हती अलके, लहानपणापासून. आता पुडीवर ढकलती." डबा तसाच ठेवून ती उठली. संतोष माझ्याकडे न बघता तिच्यामागे गेला.

ती स्वतः ती पुडी रोज घेत होती. तिचं तोंड माझ्यासारखंच गोल झालं होतं, गाल वर आलेले, पोट पुढे. पण गावात तिला काय म्हणायचे? "म्हातारीला लेकाचं सुख मानवलं." लेकाच्या घरी आई फुगली की सुख, आणि सासरी लेक फुगली की हावरट. हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय मला माहीत नाही. माझी भीती आता वेगळी होती. ती तापाने पडली, उलटी होऊन एखाद दिवस पुडी चुकली, तर तिथे गाडी वळवणारं कुणी नव्हतं. आणि जोपर्यंत माझा जाडेपणा खाण्यामुळे आहे असं ती धरून होती, तोपर्यंत ती पुडी सोडणार नव्हती.

हिवाळाभर फोनवर तेच भांडण. पुडीच्या जागी मोजून दिलेल्या गोळ्या मी कमी करत होते, डॉक्टरीणबाई सांगतील तशा. सांधे दुखायचे, सकाळी उठवायचं नाही. तोंड हळूहळू आपल्या मापावर आलं. पोट मात्र सगळं गेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही जाईल, काही राहील. डेपोत मी परत गेले तर पहिलं वाक्य, "एवढं हॉस्पिटल झालं, तरी फार उतरली नाहीस गं."

उन्हाळ कांदा निघाला तेव्हा संतोषचा फोन आला. गोड आवाजात. "ताई, तू आईला दवाखान्याचं डोक्यात भरवू नको आत्ता. कांदा चाळीत पडू दे, मग ने कुठं न्यायचं तिथं. पुडी नाय घेतली तर ती खाटेवरनं उठत नाय, आणि मजूर मिळत नाय."

त्याला माहीत होतं. सगळं माहीत होतं! मी तोंडाला येईल ते बोलले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि माझ्याच गाडीने, तिकीट काढून, माहेरी गेले.

खळ्यात कांद्याचा ढीग, आणि आई विळा घेऊन पात कापत बसलेली. मला बघून म्हणाली, "आली का? भाकरी हाय झाकलेली." मी तिच्यासमोर बसले, दुसरा विळा घेतला आणि कापायला लागले. बोटं दुखत होती. तिला दिसत होतं.

शेजारच्या सुमनकाकू कुंपणाशी आल्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "अलके, अगं तशीच हाय की अजून! डॉक्टरनं तोंडाला कुलूप नाय लावलं व्हय?"

मी उत्तर देणार होते. कंडक्टर आहे मी, उत्तरं तयार असतात. पण आईचा विळा थांबला.

"तिच्या तोंडाचं काय काढती सुमन," आई म्हणाली. "तोंडात मी घातलं तिच्या. दर आठ दिवसाला फाट्यावर जाऊन मी दिलं."

सुमनकाकू पदर सावरत घराकडे वळल्या. हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून मी इतके महिने भांडत होते. आईच्या तोंडून ते ऐकलं आणि मला ते नकोसं झालं. मी म्हटलं, "तुला काय माहीत होतं गं." तिने मान वर केली नाही. हातातला कांदा ढिगावर ठेवला, गुडघ्यावर हात रेटून उठायला लागली, जमेना, म्हणून माझ्यापुढे हात केला.

"चल. डॉक्टरीणबाई कवा बसती ती?"

"आई, अजून ढीग पडलाय."

"पडू दे," ती म्हणाली. "संत्याला गुडघे हायेत."